आधी चोर हाकलायचा की आधी घर सावरायचं? अशक्त माणसाच्या सर्दीचा चिनी इतिहास

आजचा विषय ऐकायला अगदी फुटकळ वाटेल. सर्दी. नाक गळणं, अंगात कणकण, थंडी वाजून ताप. पण आपण बोलणार आहोत ते एका विशिष्ट सर्दीबद्दल. माणूस मुळातच अशक्त आहे, आजारातून नुकता उठलाय, म्हातारा आहे, बाळंतीण आहे, पोटात पुरेसं अन्न नाही, आणि अशा माणसाला सर्दी-ताप झाला. आता औषध काय द्यायचं? धडधाकट माणसाला देतो तेच?

चीनमधल्या वैद्यांनी या एका प्रश्नावर जवळजवळ अठराशे वर्षं वाद घातलाय. आणि हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. एका शहरात तर या प्रश्नाचं चुकीचं उत्तर देऊन वैद्यांनी लोकांच्या झुंडीच्या झुंडी मारल्या, असा आरोप त्याच शहरातल्या एका वैद्यानं लिहून ठेवलाय. त्याच्याकडे येऊच. आधी थोडं मागे जाऊ.

इसवी सन २०० च्या आसपास. हान साम्राज्य मोडकळीला आलंय, लढाया चालू आहेत, साथी येतायत. झांग झोंगजिंग नावाचा वैद्य आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो की त्याचं कुळ दोनशेहून जास्त माणसांचं होतं. १९६ सालानंतर दहा वर्षं व्हायच्या आत त्यातली दोन तृतीयांश माणसं गेली, आणि गेलेल्यांतली दहापैकी सात 'शांगहान'नं. शांगहान म्हणजे शब्दशः 'थंडीनं झालेली इजा'. आपल्या आजच्या भाषेत त्यात साध्या सर्दीपासून इन्फ्लुएन्झा, टायफॉइडपर्यंत काय काय बसेल. त्या काळची कल्पना अशी की बाहेरची थंडी आणि वारा कातडीतून आत शिरतात. म्हणून उपाय सरळ: घाम काढा, आला त्या दारानं बाहेर घालवा.

झांगच्या ग्रंथातला जो भाग पुढे 'शांगहान लुन' म्हणून ओळखला गेला, त्यात घाम काढायचे दोन मुख्य काढे आहेत, आणि त्या दोघांतला फरक हाच आपल्या आजच्या भागाचा पाया आहे. पहिला मा-ह्वांग तांग. 'तांग' म्हणजे काढा. त्यात मा-ह्वांग म्हणजे एफेड्रा हे झुडूप, दालचिनीच्या कोवळ्या काड्या, जर्दाळूच्या बियांतला गर आणि ज्येष्ठमध. हा जोरदार काढा. ज्याला ताप आहे, थंडी वाजतेय, अंग ठणकतंय पण घाम अजिबात येत नाहीये, त्याच्यासाठी. दुसरा ग्वेइ-झी तांग. दालचिनीच्या काड्या, पिऑनी या फुलझाडाचं मूळ, आलं, लाल चिनी बोरं आणि ज्येष्ठमध. म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातला ऐवज. हा कुणाला? तर ज्याला ताप आहे पण घाम आपोआप पाझरतोय त्याला. झांगच्या परंपरेत याचा अर्थ असा लावला गेला की या माणसाचं दारच सैल आहे. दाराशी चोर आहे हे खरं, पण कडीसुद्धा तुटलेली आहे. इथे एफेड्रा मारला तर घामाबरोबर उरलीसुरली ताकदही वाहून जाईल.

मला या ग्रंथात सगळ्यात आवडते ती ग्वेइ-झी तांग घ्यायची कृती. सात मापं पाण्यात औषध घालून मंद आचेवर तीन मापं होईपर्यंत आटवायचं. एक माप प्यायचं. थोड्या वेळानं वरून वाटीभर गरम पातळ पेज प्यायची. हो, पेज, आपल्याकडे आजारी माणसाला देतात तशीच. मग साधारण दोन तास पांघरूण घेऊन पडायचं. अंगभर हलका ओलावा आला पाहिजे, पाण्यासारखा घाम वाहता कामा नये. वाहिला, तर रोग जाणार नाही. एका डोसात काम झालं तर उरलेला काढा प्यायचाच नाही. नाही झालं तर दुसरा, तोही नाही लागू पडला तर मधलं अंतर कमी करून तिसरा. आजार जड असेल तर दिवसरात्र नजर ठेवायची. कच्चं, थंड, मांस, दारू, दूधदुभतं बंद.

आमच्या धंद्यातला माणूस हे वाचून लगेच म्हणेल की हा तर लूप आहे, बाहेर पडायची अट लिहिलेली आहे, मॉनिटरिंगसुद्धा आहे. पण खरी गोम पेजेत आहे. घाम येण्यासाठी लागणारं इंधन माणसाच्या पोटात नाही, म्हणून ते आधी आत घालायचं. मा-ह्वांग तांगबरोबर पेज नको असं तोच ग्रंथ सांगतो. आणि कुणाचा घाम मुळीच काढायचा नाही याची यादीही तो देतो: घसा कोरडा पडलेले, अंगावर जुनी गळवं असलेले, नाकातून वारंवार रक्त जाणारे, रक्तस्राव झालेले, आधीच फार घाम येणारे. म्हणजे पहिल्याच पुस्तकात इशारा आहे. पुढच्या हजार वर्षांत तो किती जणांनी पाळला, हा वेगळा प्रश्न.

आता एक गोष्ट ऐका. सहाव्या शतकाची सुरुवात, दक्षिण चीन. फान युन नावाचा मोठा दरबारी. त्याचा मित्र आणि धनी गादीवर बसायच्या बेतात आहे, ५०२ साल, समारंभ तोंडावर आलेत, आणि नेमका फान युन तापानं पडला. त्यानं शू वेनबो या वैद्याला बोलावलं. वैद्य म्हणाला, सावकाश घेतलं तर महिनाभरात नीट बरा होशील. लगेच बरं करायचं तर तेही जमेल, पण मग दोन वर्षांनी तुला कुणी वाचवू शकणार नाही अशी मला भीती वाटते. फान युननं दुसरा पर्याय निवडला. वैद्यानं अंथरुणाखाली उष्णता केली, वर जाड कपडे घातले, दरदरून घाम काढला. फान युन उठला. ५०३ साली तो वारला.

वैद्याचं भाकीत खरं ठरलं की इतिहासकारानं मागाहून गोष्ट रंगवली, ते सोडा. वैद्यांनी ती शतकानुशतकं एकमेकांना सांगितली, हे महत्त्वाचं. रिलीजच्या आदल्या रात्री थेट प्रॉडक्शनवर हॉटफिक्स मारणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट भिंतीवर लावावी असं माझं मत आहे. असो.

ही गोष्ट पुन्हा सांगणाऱ्यांत एक होता शू शूवेइ. जन्म १०७९. अकराव्या वर्षी शंभर दिवसांच्या आत त्याचे आई-वडील दोघंही गेले, त्यातून तो वैद्यकाकडे वळला. त्याच्या पिढीचं एक नशीब होतं. १०६५ साली सोंग सरकारनं शांगहान लुन संपादित करून छापला होता. तोवर हस्तलिखितांत विखुरलेला ग्रंथ आता वाचायला मिळत होता. शू शूवेइनं तो घोटला, आणि मग स्वतःचे नव्वद रुग्ण लिहून ठेवले.

त्याचा एक रुग्ण फार प्रसिद्ध आहे. गावातला एक माणूस, ताप, डोकेदुखी, तहान. बाहेरून बघितलं तर मा-ह्वांग तांगचंच प्रकरण. पण नाडी बघताना मनगटापासून सगळ्यात लांबच्या बोटाखाली ती संथ आणि क्षीण लागली. शू शूवेइनं त्याचा अर्थ लावला: रक्त कमी आहे, घाम काढला तर हा माणूस जाईल. म्हणून त्यानं आधी बळ भरणारा काढा सुरू केला, ग्वेइ-झी तांगचाच भाऊ म्हणता येईल असा, त्यात आणखी दोन पौष्टिक मुळ्या घालून. दुसऱ्या दिवशी फरक नाही. घरच्यांनी धोशा लावला. रात्रंदिवस एकच: घामाचं औषध द्या. शिवीगाळीपर्यंत आलं. तो लिहितो की आपण सगळं ऐकून घेतलं आणि बळाचाच काढा चालू ठेवला. पाचव्या दिवशी नाडी भरली. मग त्यानं मा-ह्वांग तांग दिला. रुग्ण थोडा वेळ बरळला, मग शांत झाला, झोपला, घाम आला आणि बरा झाला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शेवटी औषध तेच दिलं गेलं जे घरचे मागत होते. फरक फक्त पाच दिवसांचा, म्हणजे क्रमाचा. तीच दोन पावलं, उलट क्रमानं टाकली असती तर, निदान शू शूवेइच्या मते, माणूस दगावला असता.

आणि आता ते शहर. कायफंग, १२३२.

उत्तर चीनवर तेव्हा जिन घराण्याचं राज्य, कायफंग त्यांची राजधानी. वसंतात मंगोल फौजा सुबुताईच्या नेतृत्वाखाली शहराला भिडल्या. सोळा-सतरा दिवस तुफान लढाई. शहराच्या आत आसपासच्या मुलखातून पळून आलेल्या लोकांची खचाखच गर्दी. मग तह झाला, वेढा सैल पडला, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि साथ सुरू झाली. जिन घराण्याचा अधिकृत इतिहास सांगतो की पन्नास दिवसांत शहराच्या दरवाजांतून नऊ लाखांहून जास्त प्रेतं बाहेर गेली, आणि ज्यांना पुरायचीही ऐपत नव्हती ते गरीब यात धरलेले नाहीत.

ली गाओ हा वैद्य त्या वेळी शहरात होता. वय बावन्नच्या आसपास. श्रीमंत घरातला, तरुणपणी त्याची आई आजारी पडली, वैद्यांची रांग लागली, प्रत्येकाचं निदान वेगळं, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि आई गेली, कशानं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग त्यानं भरपूर पैसे मोजून झांग युआनसू या वैद्याकडे शागिर्दी केली. त्यानं कायफंगबद्दल लिहिलंय की वेढा उठल्यावर दहा हजारांत एखाद-दुसराच आजारी नसलेला सापडायचा. बारा दरवाजे, प्रत्येकातून रोज हजार ते दोन हजार प्रेतं, जवळजवळ तीन महिने.

मी हिशेब करून बघितला. बारा गुणिले हजार गुणिले नव्वद, म्हणजे किमान दहा लाख ऐंशी हजार. सरकारी इतिहासाचा आकडा नऊ लाख. दोन्ही फुगवलेले असू शकतात, पण दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले आकडे एकाच पट्टीत पडतात, एवढं खरं.

ली गाओचा प्रश्न मात्र आकड्यांच्या पुढचा होता. तो विचारतो, एवढ्या सगळ्या माणसांना एकाच वेळी बाहेरच्या थंडीची बाधा झाली, हे शक्य आहे का? दोन-तीन महिने ही माणसं कशी जगली ते बघा. कधी जेवण, कधी उपास. रात्री तटावर, दिवसा ओझी वाहायची. झोप नाही, भीती सतत. वेढा उठला आणि अन्न मिळालं तसं ती तुटून पडली. आतडी तोवर दुबळी झालेली. अशा माणसाला ताप आला की वैद्य येऊन काय करायचे? ताप म्हणजे शांगहान, म्हणून घाम काढायचे. नाहीतर जुलाब द्यायचे. एकानं घाम काढला, दुसऱ्यानं जुलाब दिले, तिसऱ्यानं आणखी काही, आणि माणूस संपला. त्याचं म्हणणं स्पष्ट आहे: हे लोक मूळ रोगानं मेले नाहीत, औषधानं मारले गेले. आणि हे फक्त कायफंगमध्ये नाही, त्याआधी वेढे पडलेल्या इतर शहरांतही हेच झालं होतं, असं तो नावं घेऊन लिहितो.

पंधरा वर्षं त्यानं हे मनात ठेवलं आणि १२४७ साली पुस्तक काढलं. विषय एकच: बाहेरून झालेली बाधा आणि आतून झालेला क्षय, या दोघांत गल्लत करू नका. त्यातल्या खुणा इतक्या साध्या आहेत की घरातल्या कुणालाही तपासता याव्यात. तळहातापेक्षा हाताची मागची बाजू जास्त गरम असेल तर बाहेरचा ताप. तळहात जास्त गरम असेल तर आतला. थंडी वाजतेय, पांघरूण घातलं, शेकोटीजवळ बसवलं तरी जात नाही, तर बाहेरची. ऊब मिळताच थांबली, तर आतली. नाक चोंदलंय की नुसती तोंडाची चव गेलीय? आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर या खुणा टिकतील असं माझं म्हणणं नाही. पण मरणाच्या त्या धुमाकुळात एका माणसाला वाटलं की औषधाचा काढा चुलीवर चढवण्यापूर्वी रुग्णाचा हात हातात घेऊन बघा, हे मला मोठं वाटतं.

त्याचा काढा म्हणजे बू-झोंग यी-ची तांग. नावाचा अर्थ साधारण 'मध्य भरा, ची वाढवा'. 'ची' म्हणजे चिनी कल्पनेतली जीवनशक्ती, आणि 'मध्य' म्हणजे पचनाचा भाग. ॲस्ट्रॅगॅलसचं मूळ मुख्य, सोबत जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्याच्या जातीतली वाळवलेली साल वगैरे मिळून आठ गोष्टी. तापाच्या रुग्णाला घाम काढणारं नव्हे, जेवण पचवायची ताकद देणारं औषध. त्या काळच्या वैद्यांना हे उफराटं वाटलं असणार.

आता ली गाओ बरोबर होता का? काही आधुनिक इतिहासकारांना वाटतं की कायफंगची साथ म्हणजे प्लेग असावा. तसं असेल तर उपासमारीमुळे ताप आला, हे त्याचं निदान चुकलं. आणि प्लेगपुढे ॲस्ट्रॅगॅलस काय करणार? तरीही त्याचा अर्धा मुद्दा शिल्लक राहतो. महिनोन्महिने उपाशी असलेल्या माणसाला घाम आणि जुलाब देऊन शरीरातलं पाणी काढून घेतलं तर तो लवकर मरतो, मग ताप कुठल्याही कारणानं असो. शिवाय हा काही सगळ्यांना टॉनिक पाजणारा मऊ वैद्य नव्हता. त्याच ली गाओनं १२०२ च्या एका साथीत, जिच्यात चेहरा आणि डोकं सुजायचं, कडू आणि थंड गुणाच्या औषधांचा जोरदार काढा दिला होता.

शू शूवेइची पद्धत 'आधी बळ, मग घाम'. ली गाओची, 'घाम नकोच, बळ भरा'. तिसरा मार्गही होता, दोन्ही एकदम. सोंग सरकारनं १०७६ साली कायफंगमध्ये सरकारी औषधालय उघडलं होतं, तयार औषधं विकणारं. त्याच्या अधिकृत सूत्रसंग्रहात रेन-शेन बाय-दू सान नावाचं चूर्ण आहे. दहा औषधं समभाग. त्यातली बहुतेक थंडी-वारा बाहेर काढणारी, कफ मोकळा करणारी. आणि एक जिनसेंग. दहातला एक भाग. तो तिथे कशाला?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर दिलं सतराव्या शतकातल्या यू छांगनं. तो म्हणतो, जिनसेंग इथे बळ भरायला नाहीच. माणूस दुबळा असला की औषध रोगाला दारापर्यंत नेतं आणि तिथे जोर संपतो. रोग अर्ध्या वाटेवरून परत येतो, आणि या वेळी जास्त खोल शिरतो. जिनसेंगचा तो छोटा भाग म्हणजे शेवटचा धक्का. थोडा आतून जोर, की चोर उंबऱ्याबाहेर. गंमत म्हणजे १५५० च्या एका ग्रंथात याच चूर्णाचं दुसरं रूप मिळतं, जिनसेंग काढून, दुसरी दोन रोगनिवारक घालून. ते धडधाकट माणसाला. चक्क फोर्क केलेला कोड.

पुढे यादी वाढत गेली. ज्याचे हातपाय गार पडतात त्याला एक, ज्याचा घसा आणि जीभ कोरडी त्याला दुसरं, ज्याला सतत सर्दी होते त्याला यू-पिंग-फंग सान, म्हणजे जेड दगडाचा वाराआडवा पडदा. यात फक्त तीन औषधं. २०२० च्या सुरुवातीला चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांनी कोविडपासून बचावासाठी जे काढे जाहीर केले, त्यांत ही तीन पुन्हा पुन्हा दिसतात.

पण आपण एकाच बाजूला झुकत चाललोय. कारण बळ भरण्याचंही खूळ झालं. अठराव्या शतकात यांगत्से नदीच्या खालच्या सुपीक पट्ट्यात, सुझोऊ वगैरे श्रीमंत शहरांत, जिनसेंग ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. तिथल्याच शू दाछुन या वैद्यानं १७५७ च्या पुस्तकात यावर जळजळीत टीका केली. लोकांना वाटतं महाग म्हणजे चांगलं. वैद्य जिनसेंग लिहून देतो, कारण रुग्ण मेला तरी त्याला कुणी दोष देत नाही. आणि मुलगा ते आणतो, कारण न आणलं तर लोक म्हणतील बापासाठी पैसा वाचवला. घरं कर्जात बुडतात. आणि रोग शरीरात असताना जिनसेंग दिलं तर तो आत कोंडला जातो, कायमचा. चिनी वैद्यकात याला शब्दप्रयोगच आहे: दार लावून चोराला आत ठेवणं.

म्हणजे ली गाओच्या काळी माणसं घामानं मेली, शू दाछुनच्या काळी टॉनिकनं. दोघंही तितक्याच रागानं लिहितात. मला दोघांचंही पटतं. आजी-आजोबा आजारी असताना घरात पैसा आणि मान यांचा कसा गुंता होतो हे ज्यानं बघितलंय, त्याला शू दाछुन समजावून सांगायला नको.

आता आधुनिक बाजू, थोडक्यात. १८८५ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी एफेड्रातून एफेड्रिन वेगळं केलं. १९२० च्या दशकात त्याच्या परिणामांचा अभ्यास झाला आणि ते जगभर दम्यावर वापरलं गेलं. एफेड्रिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. अमेरिकेनं २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या आहारपूरकांवर बंदी घातली. म्हणजे दुबळ्या माणसाला मा-ह्वांग देऊ नका, या जुन्या इशाऱ्यामागे निदान एक तरी ठोस कारण होतं, फक्त भाषा वेगळी. जिनसेंगच्या त्या एक दशांश भागामागे तसं काही आहे का, हे मात्र एफेड्रिनइतकं उलगडलेलं नाही. आणि कृपा करून हे ऐकून कुणी घरी प्रयोग करू नका. थंड पडलेल्या अशक्त माणसाच्या एका काढ्यात एफेड्राबरोबर चक्क बचनागाच्या जातीचं मूळ असतं, नीट शोधन झालं नाही तर जीव घेणारं.

तोच काढा आज जपानमध्ये मा-ओ-बुशी-साईशिन-तो या नावानं मिळतो, शोधन केलेल्या मुळापासून, मोजून मापून बनवलेला. जपाननं ही चिनी सूत्रं शतकांपूर्वी आपलीशी केली, आणि त्यातली बरीचशी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतात, ली गाओचा काढासुद्धा. तिथल्या औषधाच्या दुकानात सर्दीच्या कपाटासमोर उभं राहिलं की खोक्यांवर लक्षणांच्या आधी एक गोष्ट छापलेली दिसते: हे औषध घेणाऱ्याची ताकद किती हवी. एफेड्राच्या काढ्यावर लिहिलेलं असतं की अंगात भरपूर ताकद असलेल्यांसाठी. ग्वेइ-झी तांगच्या खोक्यावर, अशक्त आणि घाम येत असलेल्यांसाठी. आणि बचनागाच्या त्या काढ्यावर, अशक्त आणि हातपाय गार पडणाऱ्यांसाठी.